कांजिण्यांची साथ: फक्त आजारी पोर घरी ठेवायचं, की लस न घेतलेलंही?

फेब्रुवारी लागला की आमच्या तालुक्यातल्या शाळांच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक, स्नेहसंमेलनाचे फोटो. दुसरी, ‘इयत्ता अमुकमध्ये कांजिण्यांचा रुग्ण आढळला आहे, पालकांनी काळजी घ्यावी’. काळजी घ्यावी म्हणजे नेमकं काय, ते मात्र शाळाशाळांत वेगळं. यंदा आमच्या शाळा व्यवस्थापन समितीत हाच विषय निघाला आणि मीच जास्त बोललो, कारण दोन्ही नियम मी घरात भोगलेत. धाकटा इथं तालुक्याच्या गावात शिकतो, थोरली जळगावात आत्याकडे राहून. तुमच्याही समितीपुढे हा प्रश्न असेल, तर माझं मत ऐका आणि मग तुमचं तुम्ही ठरवा.

दोन नियम असे. पहिला: ज्याच्या अंगावर उठलंय तोच घरी, सगळ्या फोडांना खपली धरेपर्यंत. दुसरा: तो तर घरीच, शिवाय ज्यांना लस दिलेली नाही आणि ज्यांना कांजिण्या येऊन गेलेल्या नाहीत, ती धडधाकट मुलंही घरी, शेवटच्या रुग्णाच्या अंगावर उठल्यापासून २१ दिवस.

धाकट्याची शाळा पहिल्या नियमाची. परवाच्या वर्षी तो तिसरीत होता. सकाळी आंघोळीला शर्ट काढला तर पोटावर पाण्याचे थेंब पडावेत तसे चार फोड. आईने लगेच दाराला निंबाची डहाळी खोचली, ‘माता आल्या’ म्हणून घरातली फोडणी बंद केली, आणि मी डॉक्टरांकडे नेलं तर ‘देवीला डॉक्टर कशाला’ म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. डॉक्टरांनी एकच गोष्ट दोनदा बजावली: तापाला अ‍ॅस्पिरिन अजिबात नको. बाकी खाजेला कॅलामाइनचं लोशन आणि नखं कापणं. आठव्या दिवशी पोरगं शाळेत.

पण शाळेत सहज घेतलं नाही. वर्गाच्या बाईंनी दारातच उभं करून शर्ट वर करायला लावला, कानामागे पाहिलं, मग केस बोटांनी बाजूला करत टाळू पाहिली. ओला फोड शेवटी केसांतच दडून बसतो, असं त्यांचं म्हणणं. पेन्शनला आलेल्या बाई, बीएड झालेल्या, पण त्या दिवशी त्या कुठल्याही डॉक्टरपेक्षा बारकाईनं बघत होत्या. सगळ्या खपल्या कोरड्या निघाल्या तेव्हा ‘जा, बस’ म्हणाल्या.

या नियमाची खोट लपवण्यात अर्थ नाही. कांजिण्या अंगावर दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात. आमच्या पठ्ठ्यानं फोड दिसायच्या आदल्या दिवशी तिघा मित्रांसोबत एकाच डब्यातली शेंगदाण्याची चटणी बोटानं चाटली होती. म्हणजे शाळेनं त्याला घरी पाठवलं तेव्हा काम झालेलं होतं. बरोबर दोन आठवड्यांनी त्यातले दोघे झोपले. त्यानंतर पुन्हा दोन आठवड्यांनी आणखी चौघे. लागण झाल्यापासून अंगावर उठेपर्यंत १० ते २१ दिवस जातात, त्यामुळे साथ अशी टप्प्याटप्प्यानं, सोंगट्या पडाव्यात तशी चालते. एप्रिलपर्यंत वर्गातली अकरा पोरं झाली. एकानं खाजवून खाजवून फोड पिकवले, त्याला अँटिबायोटिक लागलं. बाकीची आठवडाभरात उठून उन्हात क्रिकेट खेळत होती.

आता दुसरा नियम. थोरलीच्या शाळेत तो गेल्या वर्षी लागू झाला आणि पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो पटलाच होता, हे कबूल करतो. मागचं तर्कशास्त्र सरळ आहे. आजारी मूल ओळखू येईस्तोवर उशीर झालेला असतो, मग ज्याला होऊ शकतो त्यालाच बाजूला काढा. अमेरिकेत हे चालतं. तिथं लस १९९५ पासून आहे, २००६ पासून दोन डोस, आणि शाळाप्रवेशालाच ती मागतात. धार्मिक कारणानं लस नाकारणाऱ्या पालकांची मुलं साथीत घरी ठेवल्यावरून न्यू यॉर्कमध्ये कोर्टकज्जा झाला आणि २०१५ साली अपील कोर्टानं शाळेच्याच बाजूनं निकाल दिला. नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलमध्ये २०१८ साली लस टाळणाऱ्या पालकांची संख्या मोठी असलेल्या एका शाळेत ३६ मुलांना कांजिण्या झाल्या. तिथंही लस नसलेल्यांना २१ दिवस घरी बसवलं.

पण तिथं घरी बसतात ते बहुतेक स्वतःहून लस नाकारणारे. आपल्याकडे कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाहीच. बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन डोस घ्या म्हणते, पण प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मिळत नाही, खासगीत घ्यावी लागते. एका डोसला मला दोन हजारांच्या वर पडले. समितीच्या मीटिंगला मी ही लस दिलेल्या पालकांना हात वर करायला सांगितलं, चाळीसेक घरांत सहा हात. हे काही सर्वेक्षण नाही, पण चित्र कळतं. मागच्या बाकावरून एक जिभाऊ म्हणाले, ‘‘मंग आख्खी शाळाच बंद करी टाका ना!’’

आणि हात वर केलेल्यांतलेही बरेच जण खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच वाटत होतं की लस झालीय. ‘सगळे डोस झालेत साहेब, हे कार्ड बघा.’ कार्डावर गोवर-रुबेला असतो, आणि गोवर आणि कांजिण्या आपल्या घरात एकाच ‘माते’च्या खात्यात जमा. जळगावच्या शाळेतही तोच घोळ. क्लार्कच्या टेबलाशी रांग, प्रत्येकाच्या हातात कार्ड, आणि क्लार्क बिचारा त्यात नसलेला रकाना शोधतोय. एका आजीनं नातवाला पुढं ढकललं आणि कपाळावरच्या खड्ड्यावर बोट ठेवलं, ‘‘याले माता यी गई व्हती, दोन वरीसना व्हता तवय. हाऊ डाग देखा.’’ क्लार्कनं डाग पाहिला, रजिस्टर पाहिलं, पुन्हा डाग पाहिला. डागाचा पुरावा कुठं चिकटवायचा, त्याला कळेना. खरं तर आजीची साक्ष बहुधा बरोबरच असावी, पण नियमाला कागद लागतो.

हे सगळं मी सोसलं असतं. माझं मन ज्यानं फिरवलं ती गोष्ट वेगळीच: २१ दिवसांचं ते घड्याळ.

थोरलीच्या शाळेचा मेसेज नीट वाचा. ‘शेवटच्या रुग्णापासून’ २१ दिवस. ‘शेवटचा’ हा शब्द मी पहिल्या दिवशी वाचलाच नाही. पहिल्या मुलाला ३ फेब्रुवारीला उठलं, मेसेज आला ६ तारखेला. थोरलीला लस नव्हती (धाकट्याच्या वेळी ती आत्याकडे होती, तीन आठवडे घरी येऊच दिलं नव्हतं, म्हणून वाचलेली). मी कॅलेंडरवर २४ तारखेला गोल केला आणि म्हटलं, तीन आठवडे ना, जातील निघून. दोन हजार वाचवायचा शहाणपणाही होताच त्यात, खोटं कशाला सांगू. शिवजयंतीच्या संध्याकाळी ग्रुपवर पुन्हा मेसेज: आणखी एक रुग्ण. गोल खोडला, १२ मार्चला केला. पोरगी रडायला लागली, विज्ञानाचे दोन धडे पुढं गेले होते. मग मी शहाणा झालो, दोन दिवसांत लस दिली. तर क्लार्क म्हणे दोन डोसचा कागद आणा. अकरा वर्षांच्या मुलीला दोन डोसांत तीन महिने अंतर लागतं, म्हणजे तोवर मे महिना! साथीत पहिला डोस घेतलेल्या मुलाला वर्गात घेतात, अशी डॉक्टरांची चिठ्ठी आणली, तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी २७ तारखेला आत घेतलं.

तिच्या मैत्रिणीच्या वडिलांचं हातावर पोट. त्यांनी लस घेतली नाही. ५ मार्चला तिसरा रुग्ण निघाला आणि तिचं घड्याळ २६ मार्चवर गेलं. हिशेब करा. ज्यांना कांजिण्या झाल्या ती तीन मुलं आठ-आठ दिवसांत परत आली. जिला काहीच झालं नाही ती सात आठवडे घरी. तिला शेवटपर्यंत एक फोड उठला नाही. आमच्या थोरलीनं वही नेऊन दिली तेव्हा ती म्हणाली म्हणे, ‘मला पण आल्या असत्या तर बरं झालं असतं.’

न झालेल्या आजाराची शिक्षा झालेल्या आजारापेक्षा मोठी, हे मला अजून पचत नाही.

आणि ‘घरी’ म्हणजे कुठं? थोरलीला आत्याची नोकरी म्हणून मी इथं आणली. दुसऱ्या एका मुलाला मामाच्या गावाला पाठवलं, तिथं मामी पोटुशी. कांजिण्या मोठ्या माणसाला लहानापेक्षा जड जातात आणि गरोदर बाईला तर धोका. म्हणजे शाळेनं ज्याला संशयित म्हणून बाहेर काढलं, तोच नेमका जिथं जायला नको तिथं पोचला. वर्गात निदान बाई केस बाजूला करून बघत होत्या. मजुरांची पोरं आईबरोबर हरभरा काढायला शेतात, आणि तालुक्याच्या शाळेत ती घरी राहिली तर दुपारची खिचडीही गेली.

दुसऱ्या नियमाच्या बाजूनं जे आहे तेही मांडायला हवं. थोरलीच्या वर्गात तीन रुग्ण, धाकट्याच्या वर्गात अकरा. नुसते आकडे ठेवले तर जळगावची शाळा जिंकते. माझा आपला अंदाज असा की तिथं निम्म्याअधिक मुलांना आधीच लस होती, श्रेय बरचसं लसीचं. एक डोससुद्धा गंभीर आजार जवळजवळ टाळतोच, झाल्याच तर पन्नासाच्या आत बारीक पुरळ येऊन जातं. पण घरी बसवल्याचाही वाटा असेल, नाही म्हणत नाही. आणि एका परिस्थितीत मी स्वतः दुसऱ्या नियमाला हात वर करीन: वर्गात कॅन्सरचे उपचार चालू असलेलं किंवा प्रतिकारशक्ती दबलेलं मूल असेल तर. त्याला स्वतःला ही लस बहुधा देता येत नाही, कारण ती जिवंत विषाणूची आहे. त्याच्यासाठी बाकीच्यांनी तीन आठवडे सोसावेत, घड्याळासकट. वर्गाच्या बाईच गरोदर असतील आणि त्यांना लहानपणी कांजिण्या आलेल्या नसतील, तर मुलांना घरी बसवण्याआधी त्यांनाच त्या वर्गातून हलवणं सोपं.

ज्या शाळेत जवळपास सगळ्यांना लस आहे, तिथं दुसरा नियम वाईट नाही. दोन-चार मुलांचा प्रश्न असतो आणि त्यांचे पालक डोस घेऊन दुसऱ्या दिवशी मोकळे होतात. आमच्यासारख्या शाळेत मात्र मी पहिल्यावरच राहीन, फक्त त्याला एक जोड देऊन: वेळ. रुग्णाशी संपर्क आल्यापासून तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत लस दिली तर आजार टळतो किंवा हलका होतो. धाकट्याच्या वेळी शाळेनं कुणाला काही कळवलंच नाही, नाव खराब होईल म्हणून. थोरलीच्या वेळी मेसेज तिसऱ्या दिवशी आला, आणि त्यात लसीचं नाव नव्हतं, फक्त बंदी होती. दोन्हीकडे तेच तीन दिवस वाया गेले.

आमच्या समितीत शेवटी ठरलं ते असं. पहिला फोड दिसला त्याच दिवशी त्या वर्गाच्या पालकांना मेसेज, मुलाचं नाव न घेता. त्यात तीनच ओळी: लस घ्यायची असेल तर तीन दिवसांत घ्या, ती सरकारी कार्डावर नसते, घरात गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना आजच विचारा. आजारी मूल खपल्या धरेपर्यंत घरी, त्याची हजेरी कापायची नाही. लस घेतलेल्याला बारीक पुरळ आलं तर त्याला खपली धरतच नाही कधीकधी, तेव्हा चोवीस तासांत नवं काही उठलं नाही की आत. गावातल्या एका डॉक्टरांनी दहा मुलं एकत्र आली तर लस थोडी स्वस्तात मागवून देतो म्हटलंय, बघू.

जिभाऊंनी ठरावावर अंगठ्याऐवजी सही केली आणि विचारलं, केस बाजूला करून बघायचं काम कोण करणार, कारण त्या बाई तर मे महिन्यात रिटायर झाल्या. त्यावर अजून कुणी हात वर केलेला नाही.