मर्सिडीज डब्ल्यू १२४ चा ब्लोअर: मूळ मोटर दुरुस्त करावी की नवी बसवावी?

१९९५ पासून पिंपरीत जुळणी झालेल्या, डब्ल्यू १२४ या मालिकेतल्या ई २२० किंवा तिच्या डिझेल आवृत्तीचे जे मालक आजही ती गाडी जपून वापरतात, त्यांच्यापैकी अनेकांपुढे आता ब्लोअरच्या, म्हणजे गाडीत हवा फेकणाऱ्या पंख्याच्या, मोटरचा प्रश्न येऊ लागला आहे. लक्षणे ठरलेली असतात. आधी थंडीतल्या सकाळी पहिल्या वेगावर चिवचिव ऐकू येते, नंतर ब्लोअर मनाला येईल तेव्हा चालतो, आणि शेवटी गतिरोधकावर गाडी आदळली की बंद पडलेला ब्लोअर आपोआप सुरू होतो. नागपुरात हीटरची खरी गरज डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटांपुरतीच असते; परंतु एसीची हवाही तीच मोटर फेकते आणि पावसाळ्यात समोरच्या काचेवर साचणारी वाफही तीच घालवते. त्यामुळे पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या आपल्या शहरात या मोटरला जेवढे राबावे लागते, तेवढे जर्मनीतल्या तिच्या जोडीदारणींना बहुधा राबावे लागत नसावे.

पर्याय मुख्यतः दोन आहेत. गाडीतली मूळ बॉशची मोटर उघडून तिचे कार्बन (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे, घासून झिजणारे ठोकळे) आणि बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या कड्या) बदलून घेणे हा एक, आणि बाजारात मिळणारी, मूळ मोटरच्या धर्तीवर बनवलेली नवी मोटर बसवणे हा दुसरा. भंगारातल्या गाडीची मोटर हा तिसरा पर्याय सुचवला जातो. पण तीही तेवढीच जुनी आणि तेवढीच झिजलेली असते, म्हणून सुट्या भागांसाठी ती घेऊन ठेवण्यापलीकडे मी तिचा विचार करणार नाही. पहिल्या दोन्ही मोटरी मी एकाच गाडीत वापरल्या आहेत. मूळ मोटर सावकाश, नीट दुरुस्त व्हावी आणि तोवर ऐन उन्हाळ्यात गाडी उभी राहू नये, म्हणून मी नवी मोटर आणवून बसवली होती. त्यामुळे खाली जे लिहितो आहे ते कानाने आणि हाताने अनुभवलेले आहे, यंत्राने मोजलेले नाही.

मेहनत दोन्हीकडे सारखीच आहे, हे आधी लक्षात घ्यावे. बॉनेट सरळ उभे करावे लागते, मागचे रबर आणि झाकण काढावे लागते आणि या गाडीचा तो प्रसिद्ध एकटा वायपर त्याच्या सगळ्या यंत्रणेसह उतरवावा लागतो. मोटर दिसते ती त्यानंतरच. माझ्या गाडीत त्या खोबणीत कडुनिंबाच्या काड्या आणि कार्बनची काळी भुकटी यांचा बोटभर थर बसला होता. वायपर काढण्यापूर्वी काचेवर चिकटपट्टी लावून त्याची जागा खूण करून ठेवावी, म्हणजे परत बसवताना अंदाज बांधत बसावे लागत नाही. एवढे काम वारंवार करावेसे कोणालाही वाटणार नाही. म्हणूनच आत जी मोटर जाईल ती दीर्घकाळ टिकावी आणि कानाला त्रास न देणारी असावी, हा निकष मला किमतीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

नव्या मोटरच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ती दोन्ही टोकांच्या पंख्यांसह येते, त्यामुळे तीस वर्षांचे ठिसूळ झालेले प्लास्टिक शाफ्टवरून ओढून काढण्याचा धोका उरत नाही. माझी मोटर जागेवर विनातक्रार बसली, वायर जुळल्या आणि संध्याकाळच्या आत गाडी रस्त्यावर आली. शेवटच्या वेगावर हवा भरपूर येत होती. ज्यांना रोज याच गाडीने कामावर जायचे आहे, त्यांनी एवढ्यावर समाधान मानले तर त्यात काही वावगे नाही.

माझे मन मात्र तिच्या घुमण्यामुळे फिरले. तिसऱ्या-चौथ्या वेगावर हवेचाच आवाज एवढा असतो की त्याखाली सारे दबून जाते. परंतु पहिल्या आणि दुसऱ्या वेगावर ती मोटर एका लयीत घूं-घूं करीत असे, जणू शेजारच्या खोलीत पाते सैल झालेला कूलर चालू आहे. हा घुमारा वर्धा रोडवर दिवसा वाहतुकीत जाणवत नसे. रात्री काचा बंद करून, एसी मंद ठेवून निघालो की तो डॅशबोर्डमधून येई आणि डॅशबोर्डवर तळहात ठेवला तर बोटांनाही कळे. पंखे हाताने फिरवून पाहिले तर ते कुठेही घासत नव्हते. माझ्या समजुतीप्रमाणे दोष त्यांच्या तोलात होता, आणि तो तोल कारखान्यातच साधावा लागतो. आवाज मोठा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. शेजारी बसलेल्या माणसाला तो कदाचित दाखवून द्यावा लागला असता. पण ही गाडी माणूस सांभाळतो ती तिच्या शांततेसाठी, आणि ती शांतताच कमी होणार असेल तर बाकीच्या सोयींचे मोल माझ्या लेखी फारसे राहत नाही.

मूळ मोटरच्या दुरुस्तीत खरी अडचण योग्य हात शोधण्याची आहे. नागपुरात मोटर भरून देणाऱ्यांची, म्हणजे तिची तार नव्याने गुंडाळून देणाऱ्यांची, वानवा नाही, कारण घरोघरी कूलर आहेत. परंतु कूलरच्या मोटरमध्ये ना कार्बन असतात ना कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग), त्यामुळे ते कसब इथे थेट उपयोगी पडत नाही. आपल्याला हवा तो स्टार्टर आणि डायनॅमोचे आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला फिरता भाग, हाताळलेला जुना ऑटो इलेक्ट्रिशियन. मला भेटलेल्या कारागिराने आर्मेचर उजेडात फिरवून पाहिले आणि म्हणाला, “भाऊ, याचं वाइंडिंग एक नंबर आहे, याला भरायची गरजच नाही. कार्बन संपले अन् बुश सुकले, बस.” बहुतेक मोटरींची गोष्ट हीच असावी असे मला वाटते. कार्बन आखूड झाले की स्प्रिंगचा दाब पुरत नाही, ठिणग्या उडतात, कम्युटेटर काळा पडतो आणि मग मोटर गचक्याची वाट पाहू लागते.

कार्बनच्या निवडीकडे स्वतः लक्ष द्यावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे. ड्रिल मशीनचे किंवा मिक्सरचे कार्बन घासून मापात बसवण्याची पद्धत सर्रास आहे, पण ते २३० व्होल्टसाठी बनलेले असतात. १२ व्होल्टच्या मोटरला तांब्याचे प्रमाण असलेले कार्बन लागतात. कमी व्होल्टेजवर जास्त करंट वाहून न्यायचा तर त्यांचा रोध कमी हवा. घासल्यावर ज्यात तांबूस चमक दिसते, ते घ्यावेत. कम्युटेटर लेथवर अगदी हलका साफ करून त्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक किंचित खाली कोरून घ्यावा, नाहीतर नवे कार्बनही लवकर उडू लागतात. बुश ब्राँझचे, तेल धरून ठेवणारे असतात. ते बदलता येत नसतील आणि शाफ्ट त्यांत डळमळत नसेल, तर पातळ मशीन ऑइलमध्ये रात्रभर भिजवून ठेवावेत. गंज सोडवणारा फवारा मारला तर चिवचिव चार दिवस थांबते, पण आतले उरलेसुरले तेलही धुऊन निघते.

या मार्गाला वेळ लागतो, हे मान्य केले पाहिजे. पंखे काढण्यापूर्वी शाफ्टवरची त्यांची जागा खूण करून ठेवावी लागते आणि प्लास्टिक जरा कोमट करून, दोन्ही बाजूंनी सारखा जोर लावून ते सोडवावे लागतात. एक पाते तुटले तरी मूळ मोटरचा सगळा फायदा गेला. माझे पंखे सुखरूप निघाले. मोटर परत बसवल्यावर पहिल्या वेगावर ब्लोअर चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी जाळीसमोर हात धरावा लागला. खर्चही नव्या मोटरच्या मानाने किरकोळ आला, अर्थात तो कारागिरागणिक बदलेल.

कम्युटेटरच्या पट्ट्या खोलवर जळल्या असतील किंवा आर्मेचर शॉर्ट असेल, तर मात्र मूळ मोटरचा हट्ट धरू नये. हाताने भरलेल्या आर्मेचरचा तोल पूर्वीसारखा साधेलच असे नाही, आणि मग पुन्हा तोच घुमारा वाट्याला येईल. अशा वेळी परवडत असेल तर मूळ बनावटीची नवी मोटर मागवावी. कोणताही मार्ग निवडला तरी मोटर बाहेर असतानाच तिचा वेग कमी-जास्त करणारा रेग्युलेटरही तपासून घ्यावा, कारण जड फिरणारी मोटर जास्त करंट ओढते आणि त्याची झळ त्याला लागलेली असू शकते. आणि काम शक्यतो दिवाळीनंतर काढावे. मार्च उजाडला की शहरातल्या दुरुस्तीच्या दुकानांत कूलरच्या मोटरींची रांग लागते आणि जुन्या मोटरकडे निवांत पाहायला कोणालाच सवड राहत नाही.