मेणबत्तीच्या उजेडात ‘1776चं ख्रिसमस जेवण’: चवीला पाच, इतिहासाला दोन

लेकीकडे न्यू जर्सीला आलोय. जावयांनी हौसेनं डेलावेअर नदीपलीकडे, पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या खानावळीत टेबल धरलं. एकतीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला अशा ठिकाणी नेऊ नये, असं हिचं म्हणणं.

जेवण मात्र उत्तम. मिन्स पायमध्ये बारीक मांस, सफरचंद, बेदाणे आणि जायफळ. गोड की तिखट ते शेवटपर्यंत ठरेना, पण ताटली चाटूनपुसून साफ. हिच्यासाठी लाल भोपळ्याचं सूप आणि मक्याचा पाव. गरम सायडर दोनदा मागवलं.

आता कोपऱ्यातलं ते दिव्यांचं झाड आणि सँटा! त्या काळी इंग्रज वसाहतवाल्यांच्या घरात हे दोन्ही नव्हतं. न्यू इंग्लंडच्या (ईशान्येकडच्या वसाहतींतल्या) प्युरिटनांना, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट पंथीयांना, तर सणच अमान्य. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 ते 1681 तो साजरा केल्यास पाच शिलिंग दंड. खुद्द पेनसिल्व्हेनियातले क्वेकर, म्हणजे साधेपणा मानणारे ख्रिस्ती पंथीय, तेही पाळत नसत. नाच-मेजवान्या व्हर्जिनियाच्या अँग्लिकनांकडे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या लोकांकडे. आणि इथून जवळच, बेथलेहेम गावच्या मोरेव्हियन या जर्मन ख्रिस्ती पंथाकडे गाणी, मेणबत्त्या, एकत्र बसून पाव खायची लव्हफीस्ट. 1776च्या डिसेंबरात त्यांच्या अविवाहित पुरुषांच्या वास्तूत इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या फौजेचं इस्पितळ होतं. एकीकडे भजनं, एकीकडे कण्हणं. हे मेन्यूकार्डावर का नाही?

कार्डावर काय, तर नदीपलीकडच्या ट्रेंटन गावातले हेसियन (इंग्रजांनी भाड्यानं आणलेले जर्मन सैनिक) ख्रिसमसची दारू पिऊन लोळत होते! दंतकथा आहे ही. रोजच्या चकमकींनी आणि पहाऱ्यांनी ते थकले होते. ख्रिसमसच्या त्या रात्री वॉशिंग्टनची सुमारे 2,400 माणसं त्यांच्यावर हल्ला करायला बर्फ-गारांत याच नदीतून पलीकडे गेली. त्यांच्या पोटात काय होतं, ते कोणी विचारत नाही.

पुढच्या वर्षी, 18 डिसेंबर 1777 हा देवाचे आभार मानायचा दिवस म्हणून काँग्रेसनं (बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधी सभेनं) जाहीर केला. व्हॅली फोर्ज या हिवाळी छावणीच्या वाटेवरच्या जोसेफ प्लम मार्टिन या सैनिकाच्या वाट्याला आला अर्धा गिल तांदूळ, म्हणजे आपली अर्धी वाटीही नाही, आणि चमचाभर व्हिनेगर. मी वाढप्याला म्हटलं, पहिला घास हाच वाढा की. पोरगा हसला आणि पाणी भरून गेला.

जायचं तर 25 डिसेंबरला आधी घाटावर, वॉशिंग्टनच्या नदी ओलांडण्याचा प्रसंग होड्यांतून पुन्हा साकारतात, तो बघा (पाणी चढलेलं असेल तर होड्या सोडत नाहीत), मग दुसऱ्या दिवशी जेवायला. मिन्स पाय एकच मागवा, दोघांना पुरतो.