पॉकेट पीएच मीटर: चांगलंय, पण लाड करावे लागतात

केमिस्ट्री सोडून पाण्याच्या जिओकेमिस्ट्रीत पीएचडीला आलो तेव्हा पहिली स्वतःची वस्तू घेतली ती ही, दीड वर्ष वापरतोय. पीएच ४, ७, १० च्या बफरने (पीएच आधीच माहीत असलेली द्रावणं) कॅलिब्रेशन पटकन होतं, पण कमी क्षारांचं पाणी असलं की आकडा डुलतच बसतो, घाई करायची नाही. आणि भूजलाचा पीएच विहिरीपाशीच घ्या, बाटली लॅबमध्ये नेईपर्यंत कार्बन डायऑक्साइड उडून जातो नि आकडा वर सरकतो, माझा पहिल्या महिन्याचा डेटा असाच गेला. इलेक्ट्रोड, म्हणजे मीटरचं मोजणारं टोक, मी डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवायचो, मेला बिचारा, ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण लागतं त्याला. टोपी मात्र भिकार, बॅगेत आपोआप निघते. चार स्टार.