रॅमचं टायमिंग की प्रोसेसरचा कर्व्ह: आधी हात कशाला घालावा?

नवा पीसी जोडून झाला, एक्सपो प्रोफाइल (रॅम तिच्या जाहिरातीतल्या वेगाने चालवणारी तयार सेटिंग) चालू केलं, सगळं सुरळीत आहे, आणि आता या मशीनमधून अजून थोडं काढता येईल असं वाटतंय. इथे दोन वाटा फुटतात. पहिली प्रोसेसरची: बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पीबीओ, म्हणजे एएमडीची वेग वाढवायची सोय, उघडून त्यातल्या कर्व्ह ऑप्टिमायझरने प्रत्येक कोरचं व्होल्टेज थोडं खाली आणायचं, म्हणजे तेवढ्याच विजेत तो वरच्या क्लॉकवर, म्हणजे वेगावर, जास्त वेळ टिकतो. दुसरी रॅमची: प्रोसेसर तसाच ठेवायचा आणि प्रोफाइलने दिलेलं ढिलं टायमिंग, म्हणजे रॅमने प्रत्येक कामाला किती क्लॉक थांबायचं ते आकडे, हाताने आवळत न्यायचं. दोन्ही एकदम केलं तर मशीन अडकल्यावर दोष कोणाचा ते सांगता येत नाही. म्हणून आधी कोणतं, हे ठरवावंच लागतं.

माझं मशीन रायझन ७ ७७००, बी६५० बोर्ड, १६ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर५-६००० सीएल३६ (सीएल म्हणजे डेटा मागितल्यावर किती क्लॉक थांबायचं), चिप हायनिक्सच्या. दिवसा नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या वर्कशॉपसाठी कॅम प्रोग्रॅमिंग, म्हणजे सीएनसीसाठी टूलपाथ काढणं, आणि रात्री कधीतरी गेम. घर इंदिरानगरला, वरच्या मजल्यावर. खोलीत एसी नाही. हे शेवटचं वाक्य पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

सगळ्या कोरना एकच क्लॉक आणि एकच व्होल्टेज ठोकून द्यायचा जुना मार्ग मी तुलनेत धरलेला नाही. १९९८ मध्ये इंटेलच्या सेलेरॉन ३००एची बस, म्हणजे मूळ क्लॉक, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० चा प्रोसेसर ४५० ला चालायचा. कंपनीच तेवढी जागा सोडत होती. आता ती जागा बूस्टमध्ये, म्हणजे प्रोसेसर स्वतःहून वेग चढवतो त्यात, आधीच वापरलेली असते. ७७०० एका कोरवर ५.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. सगळे कोर त्याखालच्या एका आकड्याला बांधले की रेंडर कदाचित लवकर होईल, पण एका कोरवर चालणारं काम उलट मंदावतं, आणि माझ्या टूलपाथचा बराच हिशोब एकाच कोरवर चालतो.

रॅमच्या बाजूने जे आहे ते आधी प्रामाणिकपणे मांडतो, कारण ती बाजू कच्ची नाही. ६००० ला सीएल३६ म्हणजे १२ नॅनोसेकंद, सीएल३० म्हणजे १०. लोक याच आकड्यामागे धावतात, पण माझ्या अनुभवात खरा फरक पडतो तो टीआरएफसी आणि टीआरईएफआय या दोघांनी. रॅमचा प्रत्येक बिट हा एक इवलासा कपॅसिटर असतो आणि तो सतत गळत असतो, म्हणून त्याला ठराविक वेळाने पुन्हा भरावं लागतं. भरणं चालू असताना रॅमचा तो भाग वाचता येत नाही. एकदा भरायला किती वेळ ते टीआरएफसी, दोन भरण्यांमध्ये किती अंतर ते टीआरईएफआय. डीडीआर५ मध्ये हे अंतर मुळात ३.९ मायक्रोसेकंद असतं, म्हणजे ६००० च्या रॅमला ११,७०० क्लॉक. बायॉस ते ६५,५३५ पर्यंत वाढवू देतं. साडेपाच पटीहून जास्त. तेवढ्या काळात रॅम भरण्यात अडकत नाही, कामाला मोकळी राहते.

फरक जाणवतो. मी स्टॉपवॉच लावून बसलो नाही, पण मोठ्या मोल्डचं सिम्युलेशन फिरवताना मधूनमधून बसणारे झटके कमी झाले, आणि गेममध्ये सरासरी फ्रेम जवळपास तेवढ्याच राहूनही गर्दीच्या ठिकाणी होणारी अडखळण विरळ झाली. कर्व्ह ऑप्टिमायझरने असं काही मला दिलं नाही. त्याने जे दिलं ते वेगळं आहे, त्यावर येतोच. निव्वळ वेगाचा प्रश्न असता तर हा लेख रॅमच्या बाजूने संपला असता.

पण नाशिकमध्ये एक गोष्ट आडवी येते, आणि ती म्हणजे ऋतू. जानेवारीत पहाटे इथे पारा दहाच्या आसपास किंवा खाली असतो. एप्रिल-मे मध्ये दुपारी चाळिशी ओलांडतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री अकरालाही गरम असतो. कपॅसिटरची गळती तापमानाबरोबर वाढते. म्हणूनच मानकानुसार रॅमची चिप ८५ अंशांच्या वर गेली की ती दुप्पट वेगाने भरावी लागते. आपण मात्र साडेपाच पटीने उशिरा भरायला सांगितलेलं असतं. थंडीत रात्रभर चालवलेली, एकही एरर न दाखवलेली सेटिंग उन्हाळ्यात त्याच टेस्टमध्ये चुका दाखवू लागते. त्यात ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट रॅमवरून वर जाते, म्हणजे नुसती रॅम टेस्ट पास झाली तरी ग्राफिक्सवर ताण आला की चित्र बदलतं.

प्रोसेसरही तापतो, मग फरक काय? फरक असा की प्रोसेसर स्वतःला सांभाळतो. तो आपलं तापमान क्षणाक्षणाला बघतो, गरम झाला की बूस्ट थोडा उतरवतो, थंड झाला की चढवतो. रॅमच्या स्टिकवरही तापमानाचा सेन्सर आहे, एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये आकडा दिसतो, पण त्या आकड्यावरून आपण हाताने घातलेलं टायमिंग काही ढिलं होत नाही. ते डिसेंबरमध्ये जसं घातलं तसंच मे मध्ये चालू राहतं.

मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट याच्याही पुढची आहे: रॅमची चूक बोलत नाही. डीडीआर५ च्या चिपमध्ये आतल्या आत एक बिट दुरुस्त करण्याची सोय आहे, पण ती चिपपुरतीच. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक ती पकडत नाही, आणि दुरुस्ती केली तर तेही सिस्टमला सांगत नाही. मग एखाद्या दिवशी सॉफ्टवेअर आपोआप बंद होतं. एखादी झिप फाइल उघडत नाही. ब्लू स्क्रीन येतो तो दर वेळी वेगळ्याच नावाचा. यातलं कशामुळे काय झालं याचा पत्ता लागत नाही. गेमसाठी ठीक आहे, गेम परत सुरू करता येतो. माझ्याकडून मात्र जी फाइल जाते तिच्यावर दुसऱ्या दिवशी कोणीतरी स्टीलचा ब्लॉक लावून मशीन चालू करतो. एरर आलाच असेल असं नाही, पण ‘आला नसेलच’ असं म्हणता येत नाही, आणि ती शंका मनात घेऊन मला काम पाठवता येईना.

दुसरा त्रास याच्याच जोडीचा. एएम५ (माझ्या रायझनचं सॉकेट) बोर्ड बूट होताना रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी ताळमेळ जुळवून बघतो, तेवढा वेळ स्क्रीन काळी. मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू ठेवलं तर तो मागचं ट्रेनिंग वापरतो आणि पटकन उठतो. पण टायमिंग काठावर असेल तर थंड खोलीत केलेलं ट्रेनिंग गरम खोलीत वापरणं मला भरवशाचं वाटलं नाही. बंद ठेवलं तर दर वेळी थांबा. मे अखेरीला वळवाचा पाऊस सुरू झाला की लाइट जाते-येते, आणि इन्व्हर्टर यूपीएस मोडवर नसेल तर तेवढ्या झटक्यात पीसी रीस्टार्ट होतो. संध्याकाळी काम संपवायची घाई आणि समोर काळी स्क्रीन. (इन्व्हर्टरच्या मागे तो छोटा स्विच असतो, तो एकदा बघून घ्या. ओव्हरक्लॉकिंग करा न करा.)

आता कर्व्ह ऑप्टिमायझर. एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. उणे २० म्हणजे ६० ते १०० मिलिव्होल्ट. लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून एवढ्याशा कपातीनेही ७७०० च्या ८८ वॉटच्या त्याच मर्यादेत क्लॉक वर सरकतो. मी ती मर्यादा वाढवली नाही. वेगातला फायदा मोठा नाही, हे आधीच सांगतो. पण पंख्याचा आवाज उतरला, आणि उन्हाळ्यातल्या दुपारी लांबलचक टूलपाथ काढताना क्लॉक पूर्वीसारखा खाली घसरत नाही. आमच्याकडच्या हवेत हे वेगाइतकंच मोलाचं.

आणि इथे चूक बोलते. एखादा कोर सहन करेनासा झाला की बहुतेक वेळा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरची, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची, नोंद पडते आणि त्यात एपीआयसी आयडी, म्हणजे थ्रेडचा क्रमांक, असतो. ७७०० सारख्या एकाच चिपलेटच्या, प्रत्येक कोरला दोन थ्रेड असलेल्या प्रोसेसरवर आयडी ६ किंवा ७ म्हणजे शून्यापासून मोजल्यास कोर ३. त्या एकाच कोरचा आकडा उणे २५ वरून उणे २० वर आणायचा, बाकीच्यांना धक्का नाही. कोरसायक्लर या टेस्टने एकेक कोर वेगळा तपासता येतो. तक्रारीवर पत्ता लिहिलेला असला की दुरुस्ती शांतपणे करता येते.

कर्व्हमध्ये खोट नाही असं नाही. काठावरचा कोर भार असताना चालतो आणि मशीन नुसतं बसलेलं असताना पडतो, कारण हलक्या कामात क्लॉक सगळ्यात वर असतो. कधी नोंद न ठेवताच रीस्टार्ट होतं. सिनेबेंच (प्रोसेसरवर भार टाकणारी टेस्ट) पास झालं म्हणजे झालं, असं समजू नये.

रॅमची वाट कोणी धरावी? ज्याच्या खोलीत वर्षभर एसी आहे, मशीन प्रामुख्याने गेमसाठी आहे आणि प्रोसेसर साधा, म्हणजे एक्सथ्रीडी (जास्त कॅशवाला) नसलेला आहे, त्याला कदाचित तिथेच जास्त मिळेल. ७८००एक्सथ्रीडीमध्ये ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) आहे, ७७०० मध्ये ३२. मोठ्या कॅशमुळे रॅमपर्यंत जाण्याची वेळच कमी येते, त्यामुळे त्यावर रॅम आवळून पदरात फारसं पडत नाही. इंटेलवाल्यांचं गणित वेगळं: मल्टिप्लायर (प्रोसेसरचा क्लॉक ठरवणारा गुणक) फक्त के प्रोसेसर आणि झेड चिपसेटवर उघडतो, बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो पण प्रोसेसरचा नाही, म्हणजे तिथे निवड बोर्डाने आधीच केलेली असते. १३व्या-१४व्या पिढीचा के प्रोसेसर असेल तर मात्र काहीही करण्याआधी बायॉस अपडेट करा. जास्त व्होल्टेज मागितल्याने चिप खराब होण्याच्या प्रकारावर इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (बायॉसमधून येणारं प्रोसेसरचं अपडेट) दिला आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली.

आणखी एक लक्षात असू द्या. रायझन ७००० ला एएमडीचा अधिकृत वेग डीडीआर५-५२०० आहे. म्हणजे एक्सपो चालू करणं हेच मुळात ओव्हरक्लॉकिंग. २०२३ च्या वसंतात काही प्रोसेसर जळाले ते एसओसी व्होल्टेजमुळे (प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं व्होल्टेज), आणि त्यानंतर बायॉसमध्ये १.३ व्होल्टची मर्यादा आली. जुन्या बायॉसवर कोणतीच वाट धरू नका. ६००० ला माझ्याकडे १.२ पुरतं, बोर्ड ‘ऑटो’वर किती घेतोय ते बघायची सवय चांगली.

मी आज कुठे आहे? रॅम एक्सपोवर, सीएल३६ जसंच्या तसं, टीआरईएफआय बोर्डाने दिलेलं. मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू. प्रोसेसरवर उणे १५ ते उणे २५, कोरप्रमाणे वेगवेगळं. सिम्युलेशनमधले ते झटके थोडे परत आले, हे खरं आहे, आणि ते मला जाणवतात. पण फाइल पाठवताना मन शांत असतं.

तुम्हाला दोन्ही करायचंच असेल तर आधी कर्व्ह पक्का करा, उणे १० पासून, काही दिवस रोजचं काम करत. मग रॅम. आणि टीआरईएफआय वाढवाल तेव्हा शेवटची टेस्ट एप्रिलच्या दुपारी, कॅबिनेटचं झाकण लावून, ग्राफिक्सवर भार टाकून घ्या. रॅमचा आकडा त्या वेळी एचडब्ल्यूइन्फोमध्ये किती दिसतो ते लिहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात तो त्याच्या वर गेला तर सेटिंग पुन्हा तपासायची.