गेट-ग्रिलसाठी घेतलेली २५० अँपिअरची सिंगल फेज मिग (वेल्डिंगची वायर गनमधून आपोआप पुढे येते ती मशीन), वेल्ड एक नंबर पण वायर फीड आधी नीट लावून घ्या

मशीनचा वेल्ड खरंच मस्त आहे, २ एमएमच्या स्क्वेअर पाईपवर पण भोक पडत नाही, स्पॅटर (आजूबाजूला उडून चिकटणारे धातूचे थेंब) कमी, फिनिशिंगला ग्राइंडर जास्त फिरवावा लागत नाही. आर्कला माझ्याकडून पूर्ण मार्क. पण नवीन मशीन लावली आणि वायर अडकत-अडकत यायला लागली, आर्क फटफट करायचा आणि मधेच रोलरपाशी वायरचं जाळं. डीलरचा माणूस आला तो डायरेक्ट फीडर मोटर बदलायला लागेल म्हणाला, आणि मोटर एकदम ओके होती!! ह्याचा मला खूप राग आला, कारण गरीब कारागिराचे पैसे असेच जातात.

खरं कारण काय तर बॉक्समध्ये वायर ढकलणारा रोलर १.० एमएमच्या ग्रूव्हवर (खाचेवर) बसवलेला आणि आपण चालवतो ०.८ एमएमची वायर, मग ती घसरणारच. रोलर काढून बाजूचा आकडा वाचा, बहुतेक रोलरला दोन ग्रूव्ह असतात, उलटा करून बसवला की झालं. वायर घसरते म्हणून लोक टेन्शनचा (रोलरच्या दाबाचा) नॉब आवळत जातात, त्याने वायर चपटी होते, तांब्याचा चुरा पडतो आणि तो सगळा लायनरमध्ये (गनच्या केबलमधल्या वायरच्या नळीत) जाऊन बसतो, म्हणजे अजून जाम.

माझं ऐका, मशीन बंद करा, रोलरवर वायर दाबणारा प्रेशर आर्म उचला, गनची केबल सरळ करा आणि गनच्या टोकाच्या टिपमधून वायर हाताने ओढा. सहज आली तर रोलर किंवा टेन्शन बघा. जड आली तर टिप काढून परत ओढा, आता मोकळी आली तर टिप खराब, तरी जडच असेल तर लायनर, त्यात कॉम्प्रेसरची हवा मारा नाहीतर सरळ बदला. स्पूलचा (वायरच्या रिळाचा) ब्रेक पण जास्त आवळू नका, ट्रिगर सोडल्यावर स्पूल पुढे फिरत राहू नये एवढाच पुरे.

पावसाळ्यात स्पूल रात्री काढून पिशवीत बांधून ठेवा, गंजलेली वायर कुठल्याच मशीनमध्ये नीट चालणार नाही.

मशीनला ५ पैकी ४, सोबत आलेल्या गनला २. घेतानाच रोलर ०.८ वर बसवून दाखवा म्हणा, समोर वायर चालवून बघा, आणि टिपांचं एक पाकीट जास्तीचं घ्या.