१९३७ पॅटर्नचा स्मॉल पॅक: मूळ घ्यावा की नक्कल?

१९३७ पॅटर्न हा ब्रिटिश लष्कराच्या पट्टे-पिशव्यांचा संच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि भारतीय फौजांच्या पाठीवर असायचा तो हा त्यातला छोटा पॅक. सुमारे ११ × ९ × ४ इंचांची चौकोनी पिशवी. नुसती पिशवी विकत घेऊन भागत नाही, कारण खांद्याचे पट्टे वेगळे असतात आणि त्यांना पुढे अडकायला कंबरपट्टा, ब्रेसेस (कंबरपट्टा पेलणारे खांद्यावरचे पट्टे), काडतुसांचे पाऊच हवेत. प्रत्येक पट्ट्याच्या रुंद टोकाचा आकडा पुढे पाऊचच्या बकलात जातो, त्याचीच अरुंद शेपूट काखेखालून मागे पिशवीच्या खालच्या कोपऱ्यातल्या बकलात. हा ताण नीट बसला की धावतानाही पॅक उडत नाही. पट्टे डावे-उजवे वेगळे असतात. दोन डावे गळ्यात पडले तर एकाची शेपूट उलटीकडेच जाते, म्हणून जोडी लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आतली मांडणी खरोखर अक्कलहुशारीची आहे. मधल्या पडद्याने दोन भाग केलेत. पुढच्या भागात दोन खिसे: एकात एकमेकांत बसणारे चौकोनी मेस टिन (जेवणाचे डबे), दुसऱ्यात पाण्याची बाटली. मागे टॉवेल, मोजे, दाढीचं सामान, स्वेटर. ग्राउंडशीट (जमिनीवर अंथरायचं कापड) पिशवीच्या रुंदीची घडी करून झडपेखाली. भरलेली बाटली मात्र आत ठेवू नये. पॅक एका अंगाला कलतो आणि घोटभर पाण्यासाठी तो उतरवावा लागतो. बाटली वेगळ्या कॅरियरमध्ये कमरेलाच बरी. तरी अमेरिकन सैनिकांच्या एम-१९२८ पॅकपेक्षा हा शंभरदा सोयीचा; तो तर जमिनीवर पसरल्याशिवाय उघडतच नाही!

स्वस्त नकला पातळ कॅनव्हासच्या असतात. जाड सुती वेबिंगचा (घट्ट विणलेल्या पट्टीच्या कापडाचा) ताठपणा त्यांत नसतो, पिशवी लोंबते आणि टिनचे कोपरे पाठीला काचतात.

मूळ घेताना बकलामागचं कापड आधी तपासा. पितळेचा हिरवा गंज सुताला खातो. बोटाने दाबल्यावर धागे कुरकुरले तर त्या पट्ट्यावर वजन टाकता येणार नाही. ब्लँकोचे (वेबिंगला रंग देण्यासाठी सैनिक लावत त्या लेपाचे) जाड थर उसवलेली शिवण लपवतात, म्हणून झडप उलटून आतूनही बघा. बाणाचा शिक्का (ब्रिटिश सरकारी मालाची खूण), साल आणि कारखान्याची आद्याक्षरं तिथेच सापडतात. बाणाखाली ‘आय’ असेल तर माल भारतीय बनावटीचा. त्याची वीण बहुधा सैल असते. आणल्यावर भिजत घालू नका, शिक्क्याची शाई फिकी पडते आणि ब्लँको सगळीकडे पसरतो. कोरड्या ब्रशने झटकलं की पुरे.