फोनिक्स किटचा बोलका पेन बंद पडला, बरंच झालं

फोनिक्स म्हणजे इंग्रजी अक्षरांचे आवाज जोडून शब्द वाचायला शिकणं. त्याच्या या किटमध्ये येतात कार्डं, अक्षरांचे ठोकळे, वर्कबुक आणि कार्डावर टेकवला की बोलणारा पेन. गणपतीच्या सुमारास घरच्या शिकवणीसाठी घेतलं. अमळनेरला माझ्याकडे येणारी मुलं आठवी-नववीची. मराठी धडाधड वाचतात, इंग्रजीचं पान उघडलं की गप्प. राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, तरी ही अवस्था. 'बी-ए-टी बॅट' सुरात म्हणतील, पण 'मॅट' पुढे ठेवला की अडलेच.

माझी मुख्य तक्रार पेनची. सगळे त्याचंच कौतुक करतात, म्हणून सविस्तर लिहिते. हा पेन 'ब्' म्हणत नाही, 'बऽ' म्हणतो. 'ट्' नाही, 'टऽ'. बालवाडीतलं पोर ती शेपूट विसरून जाईल. पण बाराखडी पक्की झालेल्या मुलाच्या डोक्यात 'ब'मध्ये 'अ' आधीच बसलेला असतो, आणि पेन त्यावर शिक्का मारतो. एकानं 'कप' लिहिताना शेवटी ए जोडला. का रे? तर म्हणे, "मॅडम, पेन 'पऽ' म्हणस ना!" त्याचं चूक कुठे होतं?

उपाय घरातच निघाला. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाय मोडलेली अक्षरं लिहिली: प्, ट्, ब्, क्. मराठीत आपण 'कप' लिहितो पण 'कप्' म्हणतो, 'घर' लिहितो पण 'घर्' म्हणतो. तो शेवटचा आवाज पकडायला लावला. सुरुवात लांबवता येणाऱ्या आवाजांपासून केली: म्, स्, न्, फ्. 'मममॅट' असं ओढत म्हणता येतं, 'ब्' ओढता येत नाही. त्यामुळे ब्, ट्, प् आधी शब्दाच्या शेवटी आणले, मग सुरुवातीला. कंपनीच्या पुस्तकात यातलं अक्षरही नाही.

दिवाळीनंतर पेन चार्जच होईना. कस्टमर केअर म्हणालं, वॉरंटी आहे, पण तुमच्या पिनकोडला पिकअप नाही, स्वतः कुरिअर करा. पैसे माझे, परत यायची तारीख नाही. दोनदा भांडले, मग नाद सोडला. अडीच हजारांच्या वस्तूवर आणखी कुरिअरचा खर्च कोण करणार? तोवर मनात दोन तारे होते. पण पेन गप्प झाल्यावर पोरं माझ्या तोंडाकडे बघायला लागली, ओठ कसे मिटतात, जीभ कुठे टेकते. व्ही आणि डब्ल्यू दोन्ही आपल्याला 'व'च. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर आणि डब्ल्यूला ओठ गोल, हे बघूनच कळतं. (पेन हे दोन आवाज मात्र स्पष्ट वेगळे काढायचा, तेवढं श्रेय त्याला.)

चित्रांबद्दल काय बोलावं! अस्वलं, फुगे, 'मॅजिक ई'साठी (शब्दाच्या शेवटचा गप्प ई) टोपीवाला जादूगार. मिसरूड फुटलेला मुलगा कार्ड उलटं ठेवून म्हणाला, "हाई ते धाकला पोरेस्नं शे." (हे तर लहान पोरांचं आहे.) वर्कबुक तिथेच बंद केलं. त्यांचे शब्द त्यांच्याच रोजच्या कामातून घेतले: पंप, ड्रिप, प्लग, क्लच.

आणि इथे ठोकळे कामाला आले. मी त्यांना फुकटची भर समजत होते, आता किटमधली सगळ्यात चांगली वस्तू तीच वाटते. घडीव लाकूड, कडा गुळगुळीत, रंग उडालेला नाही. 'क्लच' लावायचा तर सी, एल, यू आणि मग टी-सी-एच, कारण त्या 'च'आधी लगेच ऱ्हस्व स्वर आहे. 'बेंच'मध्ये मध्ये एन येतो, म्हणून टी नाही. 'डक'ला सी-के, 'बेक'ला नुसता के आणि मागे गप्प ई. ठोकळा काढता-घालता येतो, खाडाखोड दिसत नाही, म्हणून चुकायची लाज वाटत नाही. वहीत हीच मुलं पेन्सिल उचलत नव्हती.

आता गटातला एक जण गॅरेजमधल्या स्पेअर पार्टच्या डब्यावरचं नाव स्वतः वाचतो. 'नाइट' आणि 'नाइफ'ला अजून सगळेच शिव्या देतात, तिथे माझ्याकडेही पाठांतराशिवाय दुसरं काही नाही.

तीन तारे, आणि तिन्ही ठोकळ्यांचे. घेणार असाल तर दुकानदाराला आधी विचारा, ठोकळे सुटे मिळतात का. मिळाले तर पेनचे पैसे वाचवा आणि पत्रिका रद्दीत घालू नका.